कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट

ज्याच्याबद्दल मी लिहिते आहे त्याला मी कधीही प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. तो राईला राहायचा आणि मी भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकमध्ये. भाईंदर स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला उतरायचं, उत्तनकडे जाणारी बस धरायची, मिठागरं मागे पडली की त्याचं गाव. एवढ्याशा अंतरावर राहणारा हा माणूस मला जितकं ओळखत होता तितकं तोवर कुणी ओळखलं नव्हतं. आणि तरी तो रस्त्यात समोर आला असता, तर आम्ही दोघंही सरळ एकमेकांच्या बाजूने निघून गेलो असतो.

आधी माझं सांगते. माझे वडील मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल होते. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. कॉलेजात कॉमर्सच्या सरांनी स्वतःच्या घरच्या कॉम्प्युटरवर मला टायपिंग आणि हिशेबाचं पॅकेज शिकवलं, त्या जोरावर मी मुंबईकडे आले. मामा-मामींनी लालबागची खोली विकून इंद्रलोकमध्ये वन बीएचके घेतला होता, तिथे हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर माझी सोय झाली. मामीने मला कधी परकं मानलं नाही. तिची मुलं मला दादा म्हणायची. दादाच, कारण तेव्हा मी सगळ्यांसाठी मुलगा होते. पॅन्ट-शर्ट घालायचे, शनिवारी मामाबरोबर सलूनमध्ये जाऊन केस कापून यायचे. आज मी बाई म्हणून जगते, तेव्हा ही गोष्टही बाईच्या तोंडानेच सांगणार. त्या वर्षांत मात्र मला हे तोंड फक्त एकाच ठिकाणी होतं.

ते ठिकाण म्हणजे हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यातली काचेची केबिन. बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनवणारं ते छोटं युनिट होतं. मी तिथे बिलं करायचे, डिस्पॅचच्या चिठ्ठ्या काढायचे आणि शेठच्या वतीने ई-मेल पाठवायचे. दुपारी शेठ जेवायला घरी जायचे आणि थोडे आडवे होऊन परत यायचे. मोल्डिंगची मशीनं बंद व्हायची, कामगार बाहेर कट्ट्यावर डबे उघडून बसायचे, आणि तो कॉम्प्युटर माझा असायचा.

इंटरनेटवरच्या मेसेंजरमध्ये तेव्हा स्वतःचं एक चित्र बनवायची सोय होती. डोक्यापासून छातीपर्यंतची एक बाहुली. तिला केस द्यायचे, कातडीचा रंग द्यायचा, कपडे चढवायचे. पहिल्यांदा ते पान उघडलं तेव्हा सगळ्यात आधी विचारलं होतं, बाई की पुरुष. शाळेच्या दाखल्यापासून बस पासापर्यंत हे मला कुणी विचारलं नव्हतं, लिहूनच ठेवलेलं असायचं. मी दाराकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी चटणीवरून कुणाची तरी थट्टा करत होतं. मी 'बाई'वर क्लिक केलं. लांब केस दिले, मधोमध भांग पाडला. मेसेंजरच्या कपाटात सगळे परदेशी कपडे होते, त्यातल्या त्यात कुर्त्यासारखा दिसणारा एक केशरी टॉप मिळाला. ती तयार झाली आणि स्क्रीनमधून माझ्याकडे बघू लागली. मला वाटलं, ही कधीपासून तिथे वाट बघत बसली होती कोण जाणे.

महाराष्ट्राच्या नावाची एक चॅटरूम होती. तिथे शिरलं की पुरुषांची झुंबड उडायची. वय काय, राहतेस कुठे, फोटो पाठव. मी दोन-चार वाक्यं टाईप करून पळ काढायचे. ती वाक्यं 'मी आले', 'मी जेवले' अशी असायची आणि तेवढ्यावर माझा दिवस जायचा. एके दुपारी एकाने यातलं काहीच विचारलं नाही. रोमन अक्षरांत, आगरी वळणाच्या मराठीत त्याने लिहिलं, "ओढणी न्हाय घेतली?"

मी लिहिलं, कपाटात ओढणीच नाही.

"मंग मी देतो. हिरवी हाय. घे."

मी चित्राकडे पाहिलं. चित्रात काही बदललं नव्हतं. पण खरं सांगते, खांद्यावर काहीतरी आल्यासारखं झालं.

त्याच्या चित्रात एक मुलगा होता. आखूड केस, निळा टी-शर्ट, डोक्यावर उलटी टोपी. राईच्या बस थांब्यासमोर, बांगड्यांच्या दुकानाला लागून असलेल्या सायबर कॅफेमध्ये तो टायपिंगचं काम करायचा. लोकांचे अर्ज, लग्नाचे बायोडाटा, शाळेचे प्रोजेक्ट. प्रिंट आणि स्कॅन काढायचं जे मशीन होतं, दाराजवळचं, ते त्याच्याकडे असायचं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो यायचा.

असा आमचा एक रिवाज पडला. मेसेंजरच्या कपाटात आम्हाला हवं ते नसायचंच. मग रोज दुपारी आधी एकाने दुसऱ्याला कपडे घालायचे, नंतर बाकी बोलणं. तो लिहायचा, आज तुझ्या कानात कुड्या हायत, मोत्याच्या. नारळी पौर्णिमेला त्याने मला त्याच्या आजीसारखं लुगडं नेसवलं आणि अंबाड्यात फूल खोवलं, आणि मान हलवू नको, पडेल, अशी तंबीही दिली. मी त्याला लिहायचे, आज तुझ्या शर्टाच्या खिशाला पेन आहे. आज तू दाढी करून आलायस, गालाला तुरटी लावलीय. तो म्हणायचा, झोंबते गं. बाहेर कामगार डबे धूत असायचे आणि मी बिलांच्या ढिगाऱ्यामागे बसून मान न हलवता टाईप करत असायचे.

बरेच दिवस गेल्यावर एकदा त्याने कपडे घातले नाहीत. नुसतं लिहिलं, "मला घरान पोरगी म्हणतात."

मी केबिनचं दार लोटून घेतलं. मग लिहिलं, "मला घरात दादा म्हणतात."

मग आलं, "मंग बरोबर हाय."

या विषयावर आम्ही याहून जास्त कधी बोललो नाही. आज या गोष्टींना किती शब्द आहेत, किती पुस्तकं, किती सभा. आमच्याकडे त्यातला एकही शब्द नव्हता. मला वाटायचं, असा बिघाड फक्त माझ्यातच झालाय. त्यालाही तसंच वाटायचं. दोघांना एकाच वेळी कळलं की तसं नाही, आणि लगेच आम्ही त्या दिवशीच्या ओढणीच्या रंगावर आलो.

भेटायचं मीच एकदा सुचवलं. बसने अर्धा-पाऊण तास. तो नको म्हणाला. त्याने लिहिलेलं मला जसंच्या तसं आठवतं. "भेटलो तर तुला पोरगी दिसंल नि मला दादा दिसंल. मंग आपण दोघं कुठं जायचं?"

मला ते पटलं. पुन्हा मी तो विषय काढला नाही.

एक नियम मात्र ठरला होता, आणि या सगळ्या गोष्टीचं मूळ त्या नियमात आहे. कॅफेत त्याच्या मागे कुणीही येऊन उभं राहायचं. मालक, गिऱ्हाईक, कधी त्याचा भाऊ. अशा वेळी तो उत्तर देऊ शकायचा नाही. म्हणून त्याने सांगून ठेवलं होतं, माझ्या नावासमोरचा दिवा हिरवा असला आणि मी गप असलो तर समज, मागं कोणतरी हाय. तू थांबू नको. तू लिहीत राहा. मी खिडकी बारीक करून ठेवतो, नंतर सगळं वाचतो. आणि तो खरंच वाचायचा. तासाभराने माझ्या एकेका वाक्याला उत्तर यायचं. त्यामुळे त्याची शांतता मला कधी शांतता वाटलीच नाही. तिथे कुणीतरी वाचत बसलंय, असंच मला वाटत राहायचं.

मग त्याच्या लग्नाचं चालू झालं. घरच्यांनी त्यालाच सांगितलं, स्वतःचा बायोडाटा टाईप करून आण. त्याने तो केला. वर गणपती टाकला, खाली उंची, रंग, स्वयंपाकाची आवड. मला म्हणाला, इतकी सुंदर पोरगी मी आजवर टाईप केली न्हाय. आम्ही दोघं हसलो, म्हणजे हसल्याची चिन्हं टाईप केली. काही आठवड्यांनी बघायला येणार असं ठरलं. त्या दिवशी दुपारी तो कॅफेत आला तेव्हा संध्याकाळी त्याला साडी नेसून बसायचं होतं. मला काय लिहावं कळेना. शेवटी जे रोज करायचो तेच केलं.

मी लिहिलं, साडीच्या आत तू पांढरा शर्ट घातलायस. बाह्या दुमडल्यायत, कोपरापर्यंत.

"इस्त्रीचा हाय का?"

"कडक इस्त्रीचा."

"मंग बसतो," त्याने लिहिलं.

हे त्याचं मला आलेलं शेवटचं वाक्य.

दुसऱ्या दिवशी दिवा हिरवा होता. मी विचारलं, काय झालं? उत्तर नाही. मागे कुणीतरी आहे, असं समजून मी आमच्या नियमाप्रमाणे लिहीत राहिले. आज तू पांढरा शर्ट घातलायस, बाह्या दुमडल्यायत. तिसऱ्या दिवशी तेच. आठवडा गेला. दिवा रोज हिरवा, आणि आता तर सकाळी मी कामावर यायचे तेव्हापासून संध्याकाळी निघेपर्यंत हिरवा. इतका वेळ तो पूर्वी कधी बसायचा नाही. मला वाटलं, त्याच्यावर पहारा आहे. मशीनवर बसू देतात, बोलू देत नाहीत. मी कपडे घालत राहिले. फक्त पांढरा शर्टच, कारण बघायला येणाऱ्यांचं पुढे काय झालं ते मला कळलं नव्हतं, आणि ते कळेपर्यंत तो अंगावरून काढायला माझा जीव धजेना.

असे महिने गेले. मामी म्हणायची, बाहेरचं खाऊ नकोस, चेहरा बघ कसा झालाय. माझ्यासाठी नाचणीचं सत्त्व करून ठेवायची. त्या माउलीला काय सांगणार होते? शेठच्या केबिनमध्ये एक चित्र टोपी उलटी घालून माझ्याकडे बघत असतं, हसत असतं, त्याच्याशेजारी दिवा लागलेला असतो आणि ते बोलत नाही. बिलं करताना मी मेसेंजर झाकून ठेवायचे, तरी आकड्यांच्या मागून ते बघतंय असं वाटायचं. आमच्या गावी एक बाई होती, नवरा गेल्यावरही रोज संध्याकाळी त्याचं ताट वाढायची. लहानपणी आम्ही तिला भ्यायचो. आता तिची आठवण यायला लागली.

मग एके दिवशी उत्तर आलं.

मी नेहमीचं लिहिलं होतं, पांढरा शर्ट, दुमडलेल्या बाह्या. खाली त्याच्या चित्रासमोर अक्षरं उमटली. हिंदीत. "कौन है भाई? कहाँ से देख रहा है?"

ही त्याची भाषा नव्हती. भावाने पकडलं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. त्याने सगळं वाचलं असणार, आता त्याचं काय केलं असेल? मी मेसेंजर बंद केला आणि बाहेर नळावर जाऊन तोंडावर पाणी मारलं. त्या आठवड्यात मी एक अक्षरही लिहिलं नाही. रविवारी मामीला सांगितलं, पश्चिमेला मित्राकडे जातोय, आणि बस धरली. न भेटायचं आमचं ठरलेलं होतं. पण तो धडधाकट आहे, एवढं तरी मला डोळ्यांनी बघायचं होतं. ओळख द्यायची नाही, लांबून बघून परत यायचं.

कॅफे लगेच सापडला. बांगड्यांच्या दुकानाला लागून, तो म्हणाला होता तसाच. आत चार-पाच खोपटी, प्लायवूडची, पंख्याचा आवाज. दाराजवळचं मशीन चालू होतं आणि त्यासमोरच्या खुर्चीत कुणी नव्हतं. मॉनिटरच्या वरच्या कोपऱ्याला लिंबू-मिरची टांगलेली होती. कीबोर्डशेजारी उदबत्तीची राख पडलेली.

मालक पन्नाशीचे गुजराती गृहस्थ होते. मी बायोडाटा टाईप करून मिळेल का विचारलं. ते म्हणाले, टाईप करणारी नाही आता, तुम्हीच करा, पण त्या मशीनवर नका बसू. मी विचारलं, का? लिंबाकडे बघून मी हसायचा प्रयत्न केला. ते हसले नाहीत.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. इथे एक मुलगी कामाला होती. हुशार, बॉयकट, भावाचे शर्ट घालून यायची. ती यायची बंद झाली आणि त्यानंतर या मशीनवर काहीतरी बसलं. चालू असलं की दुपारी एका बाईचं चित्र येतं आणि ती बाई माणसाशी बोलते. बघणाऱ्याने काय घातलंय ते सांगते. ते स्वतः खिडकी बंद करून टाकायचे, पण याच आठवड्यात एक विमा एजंट प्रिंट काढायला बसला होता. बाईने त्याला लिहिलं, आज तू पांढरा शर्ट घातलायस, बाह्या दुमडल्यायत. "और उसने वही पहना था, भाई. सफेद शर्ट. ऐसे, फोल्ड करके." एजंटने घाबरत घाबरत एकदा विचारलं, कोण आहे. बाई एकदम गप्प झाली. तो प्रिंट न घेताच उठून गेला.

मी उभी होते ती तशीच उभी राहिले. इतके महिने मला वाटत होतं की तिकडून काहीतरी माझा पाठलाग करतंय, आणि राईच्या या दुकानात लोक उदबत्ती लावत होते ती माझ्यासाठी.

मी विचारलं, ती मुलगी कुठे गेली?

ते खुर्ची ओढून बसले. म्हणाले, भाऊ आला होता, म्हणाला लग्न झालं, आता नाही येणार. ठीक आहे, म्हटलं. पण पंधरा-वीस दिवसांनी तिची आई आली. इथे उभी राहून विचारत होती, आली होती का, कुणाला काही बोलली का. नंतरही एक-दोनदा येऊन गेली. "अब आप ही बोलो. शादी हुई होती, तो माँ यहाँ ढूँढने क्यों आती?"

दुकानासमोरून बस गेली, टेबलावरच्या कप-बशा वाजल्या.

थोड्या वेळाने ते म्हणाले, तुम्हाला कॉम्प्युटर समजतो असं दिसतंय. मला फक्त चालू-बंद आणि प्रिंट येतं. हे काढून देता का यातून?

मी त्याच्या खुर्चीत बसले.

सगळं साधं होतं. त्याने मेसेंजरला सांगून ठेवलं होतं, पासवर्ड लक्षात ठेव आणि मशीन सुरू झालं की आपोआप चालू हो. स्वतःचंच मशीन समजत होता तो ते. मालकांना त्यातलं काही कळत नव्हतं. ते सकाळी बटण दाबायचे आणि हाटकेशला माझ्यासमोर त्याचा दिवा लागायचा. इतक्या दुपारी मी ज्याच्याशी बोलत होते तिथे रिकामी खुर्ची होती.

खिडकी उघडली. माझी वाक्यं एकाखाली एक आली. बाजूला माझं चित्र होतं, केशरी टॉपमधलं. तिकडच्या बाजूने मी ते पहिल्यांदाच बघत होते. तो जिथे बसून मला बघायचा तिथून. ती सुंदर दिसत होती, आणि मी तिला पोरक्या मुलासारखी बघत राहिले. मग त्याची यादी पाहिली. यादीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मालक मागे उभे होते. "हो गया?" त्यांनी विचारलं.

व्हायला एका क्लिकचं काम होतं, पण माझं बोट पुढे जाईना. एकदा इथून बाहेर काढलं की पासवर्ड गेला. उद्या दिवा लागणार नाही. खोटा असेना, पण त्या दिव्याच्या आधारावर मी महिनोन्‌महिने जेवत होते, कामावर जात होते. तो विझवायचा म्हणजे मीच त्याला संपवायचं का? पुन्हा वाटलं, तो खरंच कुठेतरी असेल, आणि कधीतरी दुसऱ्या एखाद्या मशीनवर बसून येईल, तर मला कळणार कसं? इथला दिवा रोज लागलेला असताना त्याचा खरा दिवा मला कधी ओळखूच येणार नव्हता. त्याची वाट बघायची असेल तर आधी हा विझवायला हवा होता.

मी लक्षात ठेवण्याच्या चौकटीतली खूण काढली आणि त्याला बाहेर काढलं. त्याची टोपी, निळा टी-शर्ट, सगळं गेलं. मागे समुद्राच्या फोटोचा वॉलपेपर राहिला. मी मालकांना सांगितलं, आता नाही येणार. त्यांनी लिंबू-मिरची काढली नाही. म्हणाले, राहू द्या थोडे दिवस.

सोमवारी हाटकेशला त्याचं नाव करडं होतं. चित्रसुद्धा करडं. मी रोज दुपारी बघायचे. काही लिहायचे नाही, कारण आता करडं म्हणजे कुणी वाचत नाही, हे मला माहीत होतं. कधी कधी वाटायचं, उगाच गेले. कधी स्वप्नात ती आई कॅफेच्या दारात दिसायची आणि तिचा चेहरा माझ्या आईचा असायचा. दिवाळीला मी गावी गेले. वडिलांच्या पाठीला आता पोत्याची सवय राहिली नव्हती, माझ्या पगारामुळे त्यांनी काम कमी केलं होतं. ते लोकांना अभिमानाने सांगायचे, आमचा पोरगा मुंबईला कॉम्प्युटरवर आहे. मी मान खाली घालून फराळ केला आणि परत आले.

परतल्यावर पहिल्या दुपारी यादी उघडली. नाव करडंच होतं. पण चित्र ते नव्हतं.

टोपी गेली होती. केस मागे वळवलेले. आणि ओठांवर एक बारीक मिशी. त्या कपाटात मिशा होत्या, आम्ही त्यांची नेहमी थट्टा करायचो, पण तो कधी लावायचा नाही. म्हणायचा, अजून मला शोभणार न्हाय. ते चित्र बदलायला पासवर्ड लागत होता आणि पासवर्ड त्याच्याशिवाय कुणाकडे नव्हता. तो आला होता. कुठल्या तरी गावातल्या, कुठल्या तरी मशीनवर बसला होता, दिवा लागला होता, आणि मी तेव्हा गावी चकल्या खात होते. माझ्यासाठी एकही शब्द ठेवला नव्हता. मी खुर्चीत मागे टेकले. बाहेर मोल्डिंगची मशीनं सुरू झाली तरी मला ऐकू आली नाहीत.

त्या रविवारी मी पुन्हा राईला गेले. बसमध्ये सगळा वेळ विचार करत होते की हे सांगायचा हक्क मला आहे का. तो ज्यांच्यापासून गेला त्यांच्यात त्याची आईही असेल. पण दारात येऊन विचारणाऱ्या बाईला माणूस जिवंत आहे एवढं कळायला काय हरकत आहे, असं एक मन म्हणायचं. मी ठरवलं, कुठे आहे ते मलाच माहीत नाही, तेव्हा त्याची वाट कुणाला सापडणार नाही. कसा आहे एवढंच सांगायचं.

मालकांनी मला ओळखलं. चहा मागवला. मी म्हटलं, ती आई पुन्हा आली तर तिला सांगाल का, की मूल ठीक आहे? जिवंत आहे. बस, एवढंच.

ते माझ्याकडे बघत राहिले. तुम्हाला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. मी त्या दिवशीही पॅन्ट-शर्टातच होते, शनिवारीच केस कापून आलेले. त्यांनी एकदा दाराजवळच्या मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वो मैसेजवाली," ते हळूच म्हणाले, "वो आप हो?"

आत कुठल्या तरी खोपटातून गेमचा आवाज येत होता. मला खोटं बोलणं सहज शक्य होतं. मी 'हो' म्हटलं.

त्यांनी आपला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मैं तो भूत समझा था, बेटी."

मी चहा संपवला. आई आली तर सांगतो, असं त्यांनी कबूल केलं. ती नंतर आली की नाही, हे मला कधी कळलं नाही. वर्षा-दोन वर्षांत तिथे मोबाईल रिचार्जचं दुकान झालं, आणि पुढे तो मेसेंजरही बंद पडला. करडी चित्रं कुठे जातात, कुणास ठाऊक. शेवटचं पाहिलं तेव्हा त्याची मिशी तशीच होती, आणि त्याला ती शोभत होती.